तुटलेल्या गुणसूत्रांचे गूढ उकलणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक

मक्याच्या कणसावरील रंगीबेरंगी दाणे पाहून इतरांना कौतुक वाटेल. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मात्र त्या ठिपक्यांत पेशीच्या अंतरंगातील पडझड वाचता येत असे.

१६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. मुलीने महाविद्यालयात जाण्यास आईचा विरोध होता; पण डॉक्टर असलेल्या वडिलांनी पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. १९२७ मध्ये तेथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मक्याच्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या ओळखण्याची किमया त्यांनी साधली.

पुढे मिसुरी येथे क्ष-किरणांनी इजा झालेल्या मक्याचा अभ्यास करताना त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. गुणसूत्राला निसर्गतःच दोन टोके असतात, ती एकमेकांना चिकटत नाहीत; मग तुटल्यामुळे निर्माण झालेली टोके का चिकटतात? अशी टोके जुळली की पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र दोन्ही बाजूंनी ओढले जाते, त्याचा पूल बनतो आणि तो पुन्हा तुटतो, असे त्यांनी १९३८ ते १९४१ या काळात दाखवून दिले. दाण्यातील पोषक भागात हे चक्र चालूच राहते, गर्भात मात्र तुटलेले टोक भरून निघते. म्हणजेच जखम तीच असली, तरी पेशीनुसार तिला मिळणारे उत्तर वेगळे होते.

मिसुरीत बढतीची आशा दिसेना, तेव्हा १९४१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळा गाठली. तुटलेल्या गुणसूत्रांच्या झाडांची संतती तपासताना नववे गुणसूत्र वारंवार एकाच जागी तुटताना त्यांना आढळले. त्यातूनच जागा बदलणाऱ्या जनुकीय घटकांचा शोध लागला. १९५१ मध्ये त्यांनी तो परिषदेत मांडला, तेव्हा बहुतेकांना तो उमगला नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबवले. संशोधन मात्र थांबवले नाही.

कालांतराने जिवाणूंतही असेच घटक सापडले आणि जगाला त्यांचे म्हणणे पटले. १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अविभागून मिळाले. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आज बरेच स्पष्ट झाले आहे. गुणसूत्राच्या नैसर्गिक टोकांवर डीएनएच्या पुनरावृत्त साखळीचे आणि प्रथिनांचे टोपण असते. त्यामुळे पेशी त्या टोकाला जखम समजत नाही. हे टोपण गळाले की दुरुस्तीयंत्रणा टोकांनाच जोडू लागते आणि मॅक्लिंटॉक यांनी मक्यात पाहिलेले चक्र सुरू होते. कर्करोगाच्या पेशींतही ते आढळते. या टोकांच्या संशोधनाला २००९ मध्ये नोबेल मिळाले. त्याची पायवाट मक्याच्या शेतातून गेली होती.