खांदेरीच्या दीपगृहाला ज्यांचं नाव आहे, ते कान्होजी आंग्रे इंग्रजांना चाचे का वाटायचे?

राजगुरुनगरहून चाकणच्या दिशेनं निघालात की कंटेनरच्या मागे अडकणं ठरलेलं. त्यातले बरेचसे न्हावाशेवाला जातात, तिथून माल जहाजावर चढतो आणि जहाज मुंबई बंदराच्या तोंडातून बाहेर पडून दक्षिणेला वळलं की डाव्या हाताला, थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर एक बेट लागतं. दोन टेकाडं, भोवती तटबंदी आणि वर एक दीपगृह. बेटाचं नाव खांदेरी. दीपगृहाचं नाव कान्होजी आंग्रे दीपगृह.

आता यात आमच्या तालुक्याचा काय संबंध? तर आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याच्या बाजूच्या काळोसे गावची आंगरवाडी हे त्यांचं गाव आणि गावावरून पडलेलं नाव आंग्रे. हे काळोसे म्हणजे चाकणजवळचं, खेड तालुक्यातलं काळूस, असं आमच्याकडे सांगतात. इथलं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा जाते पूर्वेला, पार बंगालच्या उपसागराकडे. आंग्रे मात्र घाट उतरून पश्चिमेला गेले.

पुढे काय झालं ते थोडंफार सगळ्यांना माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात मराठा आरमाराचे सरखेल म्हणून कान्होजींवर चार ओळी असतात. पण इंग्रजांची जुनी कागदपत्रं आणि पुस्तकं उघडली, तर तिथे याच माणसाला सरसकट समुद्रातला लुटारू म्हटलेलं दिसतं. एकच माणूस दोन्ही कसा असेल? याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे, म्हणून ते जरा सविस्तर बघू.

सुवर्णदुर्गावरचा मुलगा

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर त्यांच्याकडे सुमारे दोनशे माणसांची सरदारकी होती. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा, म्हणजे त्यांचं लहानपण या जलदुर्गाच्या आसपास, कोळी-भंडारी खलाशांमध्ये गेलं.

ते वयात आले तेव्हा स्वराज्यावर सगळ्यात वाईट दिवस आलेले. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज दूर जिंजीला. कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूनं एकेक ठाणं गिळत होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार फितूर होऊन किल्ला सिद्दीच्या हवाली करणार होता आणि तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला वाचवला, अशी कथा सांगितली जाते. तपशील इकडेतिकडे होतात, पण त्यानंतर त्यांचं नाव वर येत गेलं हे नक्की. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, सरखेलपद कान्होजींकडे आलं. त्यांनी अलिबागचा कुलाबा किल्ला मुख्य ठाणं केला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी अशी साखळी त्यांच्या हातात होती.

अंधाराचा किनारा

१६९८ हे साल दिव्यांच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, भर समुद्रातल्या एडीस्टोन नावाच्या खडकावर पहिल्यांदा दीपगृह पेटलं. ते बांधणारा हेन्री विन्स्टनली पाच वर्षांनी, १७०३ च्या वादळात, दीपगृहासकट वाहून गेला. त्यानंतर चार वर्षांनी, १७०७ मध्ये, ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आपटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला होता. तेव्हा समुद्रात रेखांश खात्रीनं मोजायची सोयच नव्हती. ते घड्याळ यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

म्हणजे घरच्या किनाऱ्यावरही ही गत. मग कोकणात काय असेल? पाण्याखाली लपलेले खडक, चौलसमोरच्या चौल कडूसारखी ठिकाणं, खाड्यांच्या तोंडाशी सरकणारे वाळूचे दांडे, जूनपासून तीन महिने पावसानं बंद झालेला दर्या. आणि दीपगृह एकही नाही.

पण स्थानिक तांडेलाला दीपगृह लागत नव्हतं. अमुक डोंगराचं टोक तमुक देवळाच्या रेषेत आलं की वळायचं, अशा खुणा त्याला तोंडपाठ. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या खाडीत किती पाणी, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं ज्ञान. कान्होजींनी सगळं आरमार या ज्ञानावर उभं केलं.

त्यांची मुख्य जहाजं दोन प्रकारची. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज, पुढच्या बाजूला तोफा. गलबत त्याहून लहान, शिडासोबत चाळीस-पन्नास वल्ही. दोन्हींना पाणी कमी लागायचं. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी थांबायचं. तेव्हा वल्ह्यांवरची गलबतं गुराबांना दोरखंडानं ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला आणायची, कारण त्या काळच्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत आणि पाठ उघडी. डोलकाठ्या-शिडं तोफेनं मोडायची, मग माणसं वर चढवायची. आणि मोठं जहाज पाठीवर आलंच तर खाडीत शिरायचं. आत येणाऱ्याला खडक कुठे ते माहीत नसायचं.

खोल समुद्रात समोरासमोर लढाई झाली असती तर इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे हे आरमार टिकणं अवघड होतं, हेही खरं. कान्होजींनी ती वेळ सहसा येऊच दिली नाही.

दस्तक म्हणजे काय आणि भांडण कशावरून?

चाचे की सरखेल हा वाद इथे सुरू होतो. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं सरखेलांचा परवाना घ्यायचा, त्याचे पैसे भरायचे, अशी पद्धत होती. या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक असेल तर जहाज सुखरूप जाईल, नसेल तर पकडलं जाईल.

ऐकायला खंडणी वाटते ना? पण हे कान्होजींनी शोधून काढलेलं नव्हतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात असाच परवाना विकत होते आणि तो नसलेली जहाजं बुडवत होते. इंग्रज कंपनीही स्वतःचे पास देत होती. खरा झगडा होता तो या पाण्यात परवाना देण्याचा हक्क कुणाचा, यावर. कान्होजींचं म्हणणं होतं की किनारा छत्रपतींचा, म्हणून समोरचं पाणीही त्यांचं. कंपनीला हे मान्य नव्हतं.

त्यात एक मेख होती. मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाण आणि इंग्रजी पास लावून जायचा. कंपनीच्या जहाजाला हात लावणार नाही, हे कान्होजी एक वेळ मान्य करत. पण खासगी व्यापाऱ्यानं नुसता इंग्रजी कागद दाखवला म्हणून त्याचा कर बुडवायचा? पुढची बरीच वर्षं तोफा वाजल्या त्या या एका प्रश्नावर.

१७१२ मध्ये त्यांच्या लोकांनी मुंबईच्या गव्हर्नरची खास नौकाच पकडली. नौकेवर कारवारच्या वखारीचा इंग्रज प्रमुख होता, तो तोफगोळ्यानं मेला. त्याची तरुण पत्नी कैद झाली आणि ३०,००० रुपये घेतल्यावर पुढच्या वर्षी सुटली. इंग्रज बखरकारांनी ही गोष्ट पुढे फार रंगवली. कैदी बाईबद्दल खंडणी घेणं आज वाचताना खटकतं, ते झाकायचं कारण नाही. मात्र बड्या कैद्यांच्या सुटकेसाठी पैसे घेणं तेव्हा युरोपातल्या लढायांतही चालायचं.

पेशव्यांनाच कैद केलं तेव्हा

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले आणि स्वराज्यात दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला. १७१३ मध्ये शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. आता ते साताऱ्यावर चालून येतात की काय, अशी परिस्थिती.

मग शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद देऊन वाटाघाटीला धाडलं. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोकणी माणूस, कान्होजींशी जुनी ओळख. लढाई न होता तह झाला. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेलपद कायम राहिलं, किल्ले आणि मुलूख त्यांच्याकडेच राहिला. माझ्या मते कान्होजींच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे, खांदेरी-विजयदुर्गाच्या लढायांपेक्षाही. कारण यानंतर त्यांच्या मागे एक नक्की छत्रपती, सनद आणि घाटावरची फौज उभी राहिली.

नोव्हेंबर १७१८

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांना संपवायचं, हे त्यानं मनावर घेतलं. मुंबईला तट बांधला, लढाऊ जहाजं वाढवली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. मग नंबर लागला खांदेरीचा.

खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हाच इंग्रजांनी तो रोखायचा जिवापाड प्रयत्न केला होता. मायनाक भंडारी यांनी तो होऊ दिला नाही. कारण साधं होतं. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर या बेटावरून नजर ठेवता येते. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दी बसलेला, त्यामुळे खांदेरीच्या शिबंदीला एक शत्रू कायमचा समोर.

नोव्हेंबर १७१८ मध्ये बून स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर आला. तोफा डागल्या, माणसं उतरवली. खडकांवर लाटा फुटत असताना वरून मारा झेलत उतरणं काही जमलं नाही आणि सगळे मुंबईला परतले. एवढ्या नामुष्कीचं खापर कुणावर तरी फोडायला हवंच. ते फुटलं मुंबईचे बडे व्यापारी रामा कामाती यांच्यावर. आंग्र्यांना फितूर असल्याचा खटला चालवून १७२० मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि कैदेतच त्यांचा शेवट झाला. त्यांच्याविरुद्धची पत्रं बनावट होती, हे नंतर उघड झालं.

योगायोग बघा. त्याच नोव्हेंबर १७१८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर ब्लॅकबिअर्ड नावाचा कुप्रसिद्ध चाचा मारला गेला. कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांवरचे सिनेमे ज्या काळावर बेतलेत, तोच हा काळ. पण ब्लॅकबिअर्डमागे ना कुठला राजा होता ना किल्ला. कान्होजींकडे सनद होती, वसुलीचा मुलूख होता. दोघांना एकच शब्द लावणं इंग्रजांच्या सोयीचं होतं. राजाच्या आरमारप्रमुखाशी तह करावे लागतात, चाच्याशी नाही.

तरी तहाशिवाय जमेना. १७२० मध्ये विजयदुर्गावर तरंगत्या तोफखान्यासह पुन्हा हल्ला, पुन्हा अपयश. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे ६,००० माणसांनिशी अलिबागवर उतरले. सोबत ब्रिटिश राजाच्या आरमाराची जहाजंही होती. हल्ला फसला, बाजीराव पेशवे फौज घेऊन आले आणि पोर्तुगिजांनी मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. आयुष्यात त्यांच्याकडून खांदेरी, कुलाबा, विजयदुर्ग कुणालाही घेता आलं नाही. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे.

मग दिवा कुणी लावला?

मुलांमध्ये भाऊबंदकी झाली. दौलत दोन ठिकाणी वाटली गेली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग आणि तिथल्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या पत्नीनं त्याच्या आठवणीत लंडनमध्ये एक मनोरा बांधला. तो अजून उभा आहे आणि त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग.

खांदेरी इंग्रजांकडे गेलं ते १८१८ मध्ये. समोर लढायला कुणी उरलं नव्हतं, पण खडक तिथेच होते. मुंबईचा व्यापार वाढत चाललेला. १८६७ मध्ये बेटावर दीपगृह बांधून झालं. पुढे १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकाला प्राँग्स दीपगृह पेटलं. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय वेगळी ठेवतात. किती सेकंदांनी किती वेळा चमकतं, हे मोजून खलाशी दिवा ओळखतो आणि नकाशावर आपली जागा ठरवतो. तांडेलाच्या डोंगर-देवळाच्या खुणांचं काम आता अनोळखी माणसालाही रात्री जमायला लागलं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव मिळालं. खांदेरीचं बेट आणि दीपगृह दोन्ही कान्होजींच्या नावानं ओळखली जाऊ लागली. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत.

आणि हो, दीपगृहांचा खर्च कसा निघतो, हे शोधताना एक गोष्ट सापडली. भारताच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून सरकार आकारमानानुसार एक शुल्क घेतं, कस्टम्समार्फत. त्यातून किनाऱ्यावरचे दिवे आणि खुणा चालतात. १९२७ च्या दीपगृह कायद्यात त्याची तरतूद होती, २०२१ च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे चाकणचा माल घेऊन खांदेरीवरून जाणारं जहाज आजही या किनाऱ्यावरून सुखरूप जाण्याचे पैसे भरतं, आणि त्याची रीतसर पावती मिळते.