झुआन मिरो आणि तांब्याचा पत्रा

स्पेन देशातील बार्सिलोना शहरी १८९३ साली झुआन मिरोचा जन्म झाला. वडील सोनारकाम व घड्याळे दुरुस्त करण्याचा धंदा करीत. मुलाने चार पैसे मिळवावेत म्हणून त्यांनी त्यास एका दुकानात कारकून म्हणून ठेविले. हिशेबाच्या वह्यांत मिरोचे मन रमेना. तो आजारी पडला, आणि मग मात्र वडिलांनी त्याला चित्रशाळेत जाऊ दिले.

मिरोला रंगांची जाण उपजत होती. आकार काही केल्या साधत नसे. त्याचे गुरू गाली त्याला डोळे मिटावयास लावीत, हाती एखादी वस्तू देत आणि ती न पाहता, केवळ स्पर्शाच्या आठवणीवरून रेखाटावयास सांगत. ही रीत विलक्षण खरी, परंतु बोटांनी पाहण्याची ती सवय मिरोला जन्मभर उपयोगी पडली.

१९२० साली तो प्रथम पॅरिसला गेला व पुढे चित्रकार म्हणून नावारूपास आला. १९३८ साली मार्कूसी नावाच्या चित्रकाराने त्याला तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरण्याचे धडे दिले. हे काम कागदावर चित्र काढण्याइतके सोपे नाही. पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढावयाच्या. मग पत्रा तेजाबात बुडवावयाचा. जेथे मेण निघाले असेल, तेथेच तेजाब तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून, ओला कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला, की चित्र उमटते, तेही उलटे! चुकलेली रेघ सहज पुसता येत नाही.

१९४७ साली एका हॉटेलासाठी सुमारे नऊ मीटर लांबीचे चित्र रंगविण्याकरिता मिरो अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हेटर नावाच्या इंग्रज कलावंताची ‘कार्यशाळा सतरा’ चालू होती. पॅरिसमधील तिच्या जुन्या घराचा क्रमांक सतरा होता, म्हणून हे नाव. हेटर मूळचा रसायनशास्त्राचा अभ्यासक. त्याच्याकडे नामांकित चित्रकार आणि नवशिके एकाच ठिकाणी काम करीत, आणि एकाला साधलेली युक्ती सर्वांची होई. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एवढी कीर्ती मिळविलेला मिरो तेथे पुन्हा विद्यार्थी झाला. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी ब्लेक हा इंग्रज कवी आपल्या कविता ताम्रपत्रावर उठावाने कशा छापीत असे, हे कोडे हेटर, कवी टॉड आणि मिरो ह्यांनी मिळून प्रयोग करीत सोडविण्याचा यत्न केला.

१९५४ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात मिरोला छापचित्रांबद्दल मोठे पारितोषिक मिळाले. तरी तो थांबला नाही. सत्तरी उलटल्यावर त्याने पत्र्यावर खरखरीत कणांचा लेप देऊन छापण्याची नवी रीत उचलली. १९८३ साली तो वारला. त्या रीतीने छापलेल्या त्याच्या कागदांवर काळ्या रेघा जाड, ठसठशीत आणि किंचित उठून आलेल्या दिसतात.