आंद्रेआस वेसेलियस

रुग्णासमोर उभ्या राहिलेल्या वैद्याचा उजवा हात ज्या बाजूला असतो, त्या बाजूला रुग्णाचा डावा हात येतो. मग उजवे मूत्रपिंड म्हणजे नेमके कोणाच्या उजवीकडचे? शरीररचनाशास्त्राचे उत्तर असे की, ज्याचे शरीर त्याच्याच दिशा. व्यक्ती ताठ उभी आहे, दृष्टी समोर आहे, हात बाजूंना सोडलेले असून तळहात पुढे वळवलेले आहेत, असे मानूनच प्रत्येक अवयवाची जागा सांगितली जाते. मग ती व्यक्ती मेजावर पालथी निजलेली का असेना! पोटाकडील बाजू अग्र, पाठीकडील पश्च. शरीराच्या मध्यरेषेपासून दूर, कडेला असलेला भाग पार्श्व. हातापायांत धडाजवळचा भाग समीपस्थ व लांबचा दूरस्थ. म्हणून हात वर उचलला तरी कोपर मनगटाच्या मानाने समीपस्थच राहते.

अशा ताठ उभ्या मानवदेहाचे दर्शन ज्यांच्या ग्रंथाने जगाला घडवले, त्या आंद्रेआस वेसेलियस यांचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रसेल्स येथे झाला. त्यांचे वडील सम्राट पाचवा चार्ल्स यांच्या पदरी औषधे तयार करीत. वेसेलियस यांनी पॅरिस येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी अध्यापक उंच आसनावरून प्राचीन ग्रंथ वाचत आणि शवाचे विच्छेदन दुसराच कोणी करी. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन यांचा शब्द अखेरचा मानला जाई. गेलेन यांनी मुख्यतः माकडे, डुकरे अशा प्राण्यांची शरीरे तपासून निष्कर्ष काढले होते आणि तेच माणसाला लावले होते. चतुष्पाद प्राण्याचे पोट जमिनीकडे असते, माणसाचे समोर. तेव्हा ‘खाली’ या साध्या शब्दाचा अर्थही पालटतो. उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर असते, असे गेलेन सांगत. अनेक प्राण्यांत तसे असतेही. माणसात मात्र ते बहुधा किंचित खाली असते.

१५३७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वेसेलियस इटलीतील पादुआ येथे अध्यापक झाले. त्यांनी आसन सोडले आणि सुरी स्वतःच्या हाती घेतली. तरी १५३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चित्रांत यकृत पाच खंडांचेच दाखवलेले आहे, जसे प्राण्यांत आढळते. वाचलेले मनातून पुसून टाकणे त्यांनाही एका दिवसात जमले नाही.

१५४३ मध्ये बाझेल येथे त्यांचा मानवी शरीररचनेवरील महाग्रंथ छापला गेला. खालचा जबडा दोन नव्हे तर एकाच हाडाचा असतो, उरोस्थीचे भाग सात नसून तीन असतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यातील स्नायूंची चित्रे विलक्षण आहेत. डोंगर, झाडे आणि गावे यांच्या पार्श्वभूमीवर त्वचा उतरवलेले पुरुष उभे आहेत; कधी समोरून, कधी पाठीकडून, कधी बाजूने. प्रत्येक भागावर अक्षर घातलेले असून त्याचा खुलासा सोबत दिला आहे. पॅरिसमधील त्यांचे गुरू सिल्व्हियस यांना हे मुळीच रुचले नाही. १५५१ मध्ये त्यांनी शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला वेडा ठरवणारे पुस्तक प्रसिद्ध केले.

वेसेलियस पुढे सम्राटाचे वैद्य झाले. १५५५ मध्ये त्यांनी ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. १५६४ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना झाकिंथोस या ग्रीक बेटावर त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इटलीतील युस्टाकी यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मानवी मूत्रपिंडांची खरी जागा दाखवली होती आणि वेसेलियस यांनी माणसाऐवजी कुत्र्याचे मूत्रपिंड चितारल्याचा आक्षेपही घेतला होता. गेलेन यांची चूक पकडणाऱ्याच्या हातूनही तीच चूक झाली होती.

अवयवांची आणि त्यांच्या दिशांची लॅटिन नावे सर्वत्र एकसारखी असावीत म्हणून शरीररचनाशास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये एक नामावली स्वीकारली. त्यासाठी ते ज्या नगरात जमले, ते बाझेलच होते.