किसुमूच्या धक्क्यावरचा कच्छी सावकार

व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व काठावर वसलेले किसुमू हे आज केनियातील एक प्रमुख शहर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते दलदलीने वेढलेले, मलेरियासाठी कुप्रसिद्ध असे लहानसे ठाणे होते. या ठाण्याचे बंदर झाले ते रेल्वेमुळे. आणि बंदराची पेठ करणाऱ्यांत अग्रभागी होते कच्छचे व्यापारी अलिदिना विश्राम.

त्यांचा जन्म १८५१ मध्ये कच्छमधील केरा या गावी, एका इस्माइली खोजा कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची होती. अवघ्या बाराव्या वर्षी गलबतातून समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि बागामोयो येथे सेवा हाजी पारू यांच्या पेढीत उमेदवारी करू लागले. त्या काळी व्यापार चाले तो हमालांच्या तांड्यांनी. कापड, मणी, मीठ आणि तारेची वेटोळी घेऊन हे तांडे महिनोन्‌महिने पायपीट करीत आणि हस्तिदंत, मेण घेऊन परतत. हस्तिदंताचा व्यापार आज कोणी गौरवाने सांगणार नाही. पण विश्राम यांच्या भांडवलाचा पाया तोच होता, हे नाकारता येत नाही. १८९७ मध्ये सेवा हाजींचे निधन झाले आणि पुढे विश्राम यांनी आपला पसारा थेट युगांडापर्यंत नेला.

दरम्यान, १८९६ मध्ये मोम्बासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले होते. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले. त्यांपैकी जवळपास अडीच हजार तेथेच मरण पावले. तांड्यांवर पैसा मिळवलेल्या एखाद्या व्यापाऱ्याने रेल्वेला शत्रू मानले असते. विश्राम यांनी नेमके उलटे केले. रूळ जसजसे पुढे सरकत गेले, तसतशी त्यांची दुकानेही पुढे सरकली. मजुरांना लागणारे धान्य आणि सामान तेथे मिळू लागले. डिसेंबर १९०१ मध्ये रूळ सरोवराला भिडले. या स्थानकाला तेव्हा पोर्ट फ्लोरेन्स असे नाव होते. तेच आजचे किसुमू.

किसुमूचे महत्त्व एका साध्या गोष्टीत होते. येथे रेल्वे संपे आणि बोट सुरू होई. मोम्बासाहून आलेला माल आगगाडीतून उतरवून बोटींत चढवला जाई आणि एंटेबे, जिंजा येथे पोहोचे. इतकेच नव्हे, तर जर्मनांच्या ताब्यातील म्वांझा आणि बुकोबा येथील कातडी व भुईमूगही ब्रिटिशांच्या याच धक्क्यावरून बाहेर पडू लागले, कारण जर्मनांची रेल्वे अद्याप सरोवरापर्यंत आलेलीच नव्हती. विश्राम यांच्या शाखा या सगळ्या वाटेवर पसरल्या होत्या. सरोवरावर त्यांची स्वतःची गलबतेही होती.

त्यांचे खरे सामर्थ्य उधारीत होते. कच्छ-काठियावाडातून येणाऱ्या तरुणांना ते नोकरी देत आणि पुढे माल उधार देऊन आडगावी दुकान थाटायला पाठवत. स्वाहिलीतील ‘डुका’ हा शब्द आपल्या ‘दुकान’चाच भाऊबंद. आफ्रिकी शेतकऱ्याचा तीळ, भुईमूग, कापूस या दुकानांत रोखीने विकत घेतला जाऊ लागला. हा व्यवहार नेहमीच न्याय्य होता असे नाही. पण रोख पैसा प्रथमच शेतकऱ्याच्या हाती खेळू लागला, हेही खरे. सरकी काढण्याच्या कारखान्यांतही विश्राम यांनी पैसा गुंतवला. युगांडाचा अनभिषिक्त राजा अशी त्यांची ख्याती झाली.

१९१६ मध्ये तापाने त्यांचा अंत झाला. एवढा मोठा डोलारा उभा होता तो एका माणसाच्या शब्दावर आणि स्मरणशक्तीवर. दशकभरातच तो कोसळला. पुत्र अब्दुल रसूल यांनी वडिलांच्या नावाने मोम्बासा येथे बांधलेली शाळा मात्र टिकली. १९३१ मध्ये रेल्वे सरोवराला वळसा घालून थेट कंपालाला पोहोचली आणि किसुमूच्या धक्क्यावरची मालाची चढ-उतार ओसरू लागली.