विश्लेषण : शाळा रिकामी झाल्यावर पंडिता रमाबाई केडगावला का आल्या?

बारामती किंवा इंदापूरहून पुण्याकडे जाताना चौफुल्याजवळ केडगाव लागते. तिथले मुक्ती मिशन अनेकांना ठाऊक आहे. त्याआधी रमाबाईंची एक शाळा जवळजवळ मोडली होती, हे कमी जणांना माहीत असते.

वाद कशावरून झाला?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. दुष्काळात आई-वडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

शाळेत धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. रमाबाई ती पाळत होत्या, पण आपल्या खोलीत त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण ज्या श्रद्धेमुळे शिकवायचे, ती बंद दाराआड ठेवायची, हे रमाबाईंना जमणारे नव्हते.

मराठी ख्रिस्ती लोकांत ‘पाचारण’ हा शब्द आहे : देवाने बोलावून सोपवलेले काम. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त अजून सापडला नाही, ही जाणीव रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी झाली. त्यानंतर शाळा चालवणे हे त्यांच्यासाठी केवळ समाजसुधारणेचे काम उरले नाही. नेमक्या त्याच सुमारास वर्ग रिकामे झाले.

मग केडगाव कसे उभे राहिले?

१८९६ चा दुष्काळ पडला. उपासमार स्वतः भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर आणले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे होती. या मुलींना पाटी-पेन्सिलीआधी पोटभर भाकरी हवी होती, आणि कुणी मारणार नाही याची खात्रीही. त्यामुळे शाळेचे रूपच बदलले. अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम आले. अंध मुलींसाठी ब्रेल आले. आता जातीची अट नव्हती. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे बंधनही इथे नव्हते आणि त्यावरची टीका पुढेही थांबली नाही.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. संस्था ज्यांच्या हाती सोपवायची, त्या मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई केडगावातच गेल्या.