सायकलच्या एका पंक्चरने चित्रकार एदुआर मिशेलिनला टायरवाला केलं

महागड्या सेडान गाडीचे टायर बदलायला गेलं की दुकानदार आपल्याला प्रश्नांनी भंडावून सोडतो. साईज काय? रन-फ्लॅट हवेत की साधे? गाडीच्या कंपनीने मंजूर केलेलेच टाकायचे का? मर्सिडीजसाठी मंजूर झालेल्या टायरवर एमओ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी असते. मग आपण घरी येऊन चार ठिकाणी भाव बघतो, दोन मित्रांना फोन करतो आणि शेवटी निर्णय घेतो.

डोक्याला ताप वाटतो खरा. पण एक काळ असा होता की ही डोकेदुखी कुणाच्या वाट्याला येतच नव्हती, कारण टायर बदलण्याची सोयच नव्हती. तो चाकाला कायमचा चिकटवलेला असायचा.

टायर ही चाकावरून काढायची, बदलायची आणि निवडून घ्यायची वस्तू झाली, त्यात एका फ्रेंच माणसाचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव एदुआर मिशेलिन. आणि गंमत म्हणजे या माणसाला रबराच्या धंद्यात पडायचंच नव्हतं.

ब्रश सोडून कारखान्यात

एदुआरचा जन्म १८५९ सालचा, पॅरिसमधला. त्याने कायद्याची पदवी घेतली, पण ओढा चित्रकलेकडे होता. म्हणून त्याने त्या काळचे नामवंत चित्रकार बुगरो यांच्याकडे शिक्षण घेतलं. थोरला भाऊ आंद्रे त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो इंजिनिअर होता आणि पॅरिसमध्ये लोखंडी बांधकामाचा धंदा करायचा.

दोघांच्या आईकडच्या आजोबांचा एक कारखाना होता. पॅरिसपासून चारेकशे किलोमीटर दक्षिणेला, डोंगराळ भागातल्या क्लेरमाँ-फेराँ नावाच्या गावात. आजोबा आरिस्तिद बार्बिये आणि त्यांचे नातलग दोब्रे यांनी १८३२ मध्ये तो सुरू केला होता. तिथे शेतीची यंत्रं बनायची आणि जोडीला रबराच्या वस्तू.

आता या गावात रबर कसं आलं? तर दोब्रे यांची पत्नी मूळची ब्रिटनची. रबर लावून पाणी न शिरणारं कापड तयार करणाऱ्या चार्ल्स मॅकिंटॉश यांची ती भाची. मुलांना खेळायला ती रबराचे चेंडू करून द्यायची. तिथून कारखान्याला रबराची वाट सापडली.

पण आजोबा गेले आणि धंदा घसरत गेला. १८८६ च्या सुमारास तो बुडायच्या बेताला आला. आंद्रेने लक्ष घालून बघितलं, पण पॅरिसचा स्वतःचा धंदा सोडून त्याला तिथे राहता येईना. शेवटी घरच्यांनी धाकट्याला गळ घातली. १८८९ मध्ये मिशेलिन आणि कंपनी या नावाने नवी सुरुवात झाली आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा हा चित्रकार कारखान्याचा प्रमुख झाला. हाताखाली जेमतेम पन्नासएक कामगार आणि मुख्य माल म्हणजे घोडागाड्यांसाठी रबराचे ब्रेक.

एका पंक्चरची गोष्ट

त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं होतं. या टायरवर सायकल लोण्यावरून चालावी तशी चालायची. फक्त एक अडचण होती. टायर रिमला चिकटवलेला असायचा.

कंपनीत आजही सांगितली जाते ती कथा अशी, की १८८९ मध्ये एक इंग्रज सायकलवाला क्लेरमाँच्या कारखान्यात आला. त्याचा डनलॉप टायर पंक्चर झाला होता. रबराचं काम करणारे लोक म्हटल्यावर त्याला इथे पाठवलेलं. कामगारांनी टायर खरवडून काढायला, भोक बुजवायला आणि पुन्हा चिकटवायला तीन तास घेतले. वर तो वाळायला रात्रभर ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी एदुआरने स्वतः ती सायकल चालवून बघितली. थोडं अंतर गेला आणि टायर पुन्हा बसला.

दुसरा कुणी असता तर हा टायर काही कामाचा नाही म्हणून मोकळा झाला असता. एदुआरला त्या थोड्याशा अंतरात बसलेला मऊ झोका आवडला होता. त्याच्या लक्षात आलं की हवेच्या टायरमध्ये खोट नाही, खोट चिकटवण्यात आहे. टायर पंक्चर तर होणारच. तो कुणालाही, रस्त्यातच, पटकन काढून नीट करता आला पाहिजे.

१८९१ मध्ये त्याने काढता-घालता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. आत वेगळी ट्यूब, बाहेर टायर आणि तो रिमवर पकडून ठेवायची सोय. पंक्चर काढायचं काम पंधराएक मिनिटांवर आलं. अशी कल्पना त्याला एकट्यालाच सुचली होती असं नाही. ब्रिटनमध्ये वेल्श आणि बार्टलेट या दोघांनी १८९० मध्येच आपापल्या पद्धतीच्या निघणाऱ्या टायरची पेटंट घेतली होती. पण मिशेलिन बंधूंनी आणखी एक गोष्ट ओळखली. नुसतं चांगलं बनवून भागत नाही, ते लोकांना डोळ्यांनी दाखवावं लागतं.

खिळे टाकणारे टायरवाले

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत होती. शार्ल तेरों हा गाजलेला सायकलपटू मिशेलिन टायर लावून उतरला. साधारण ७१ तासांत त्याने शर्यत मारली. डनलॉप वापरणारा दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक त्याच्या तब्बल आठ तास मागे होता.

पुढच्या वर्षी बंधूंनी स्वतःच पॅरिस ते क्लेरमाँ अशी शर्यत भरवली आणि रस्त्यावर चक्क खिळे टाकले! हायवेवरच्या पंक्चरवाल्यावर आपण ज्याचा नेहमी संशय घेतो ते काम या दोघांनी उघड हेतूने केलं. पंक्चर झाल्याशिवाय ते किती लवकर निघतं हे लोकांना कळणार कसं?

सायकल झाली, मग मोटार. १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही मोटारींची शर्यत ठरली. एक टनाहून जड गाडी हवेवर चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता आणि एकही मोटार कंपनी हे टायर लावायला तयार नव्हती. मग भावांनी पूजो गाडीच्या सांगाड्यावर डाइमलरचं इंजिन बसवून स्वतःची गाडी तयार केली. नाव ठेवलं लेक्लेर, म्हणजे वीज. चालवायला बसले दोघेच. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाले. ठरलेल्या वेळेत काही ते पोहोचू शकले नाहीत, पण गाडी पॅरिसला परत आली. हवेच्या टायरवर मोटार धावू शकते एवढं सिद्ध करायला ते पुरेसं होतं.

चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, कामिय जेनात्झीच्या विजेवरच्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला. त्या गाडीला टायर होते मिशेलिनचे.

एक भाऊ कारखान्यात, एक पॅरिसात

दोघांनी कामाची वाटणी करून घेतली होती. एदुआर क्लेरमाँला कारखाना सांभाळायचा, आंद्रे पॅरिसमध्ये जाहिरातीचं बघायचा. १८९४ मध्ये लिऑनच्या प्रदर्शनात टायरची एक रास बघून एदुआरला वाटलं, याला हात लावले तर माणूसच दिसेल. चित्रकाराची नजर ती, सुटली नव्हती. चार वर्षांनी त्यातून टायरच्या वळ्यांचा गुबगुबीत बिबेंडम जन्माला आला. आजही तो कंपनीच्या टायरच्या जाहिरातीत आपल्याला हात करतो.

१९०० मध्ये त्यांनी वाहनचालकांसाठी छोटं लाल पुस्तक काढलं. ३५,००० प्रती, फुकट. त्यात टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे आहे, मुक्काम कुठे करायचा याची माहिती होती. हिशोब सरळ होता. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार. हॉटेलांना तारे देणारी प्रसिद्ध मिशेलिन गाईड म्हणजे तेच पुस्तक. तारे आले १९२६ पासून.

एदुआर मात्र बदलण्याच्याच प्रश्नामागे लागलेला होता. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सजवळ पहिली ग्रां प्री शर्यत झाली. टायर बदलायचा तर चालक आणि सोबतचा मेकॅनिक या दोघांनीच, असा नियम होता. उन्हाने रस्ते वितळत होते आणि टायर फाटत होते. बहुतेकांना फाटलेला टायर चाकूने कापून काढावा लागत होता, त्यात पंधराएक मिनिटं जायची. रेनॉ चालवणाऱ्या फेरेन्क सिसकडे मिशेलिनचे निघणारे रिम होते. हवा भरलेला तयार टायर रिमसकट बसवायचा, काम चार मिनिटांच्या आत. शर्यत सिसनेच जिंकली.

याच सुमारास वेल्समध्ये डेव्हिस बंधू जादा चाक विकत होते. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्या चाकाचं नाव स्टेपनी. तिकडे हा शब्द लोक विसरले, आपल्या डिकीत मात्र तो अजून आहे.

१९२३ मध्ये मिशेलिनने कमी दाबाचा मोटारीचा टायर आणला. त्यात हवा सुमारे ३६ पीएसआय, म्हणजे आज आपण पंपावर गाडीत भरतो जवळपास तेवढीच.

याची किंमत कुणी मोजली?

इथवरची गोष्ट यशाची आहे. पण एदुआरचं आयुष्य एवढंच नव्हतं.

क्लेरमाँमध्ये कंपनीने कामगारांसाठी घरं, दवाखाने, शाळा बांधल्या. मुलं जास्त असतील तर भत्ता दिला. पहिल्या महायुद्धात टायरवाल्यांनी विमानं बांधली. पहिली १०० सरकारला फुकट दिली आणि युद्ध संपेपर्यंत आकडा १,८०० च्या वर गेला. दुसऱ्या बाजूला, कामगारांच्या संघटना मालकाला खपत नव्हत्या. कारखान्यात कडक गुप्तता असायची.

आणि रबर यायचं कुठून? १९२० च्या दशकात कंपनीने आजच्या व्हिएतनाममध्ये, तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, रबराचे मळे उभे केले. उत्तरेकडच्या गरीब गावांतून करारावर मजूर आणले जायचे. मलेरिया, मारहाण आणि अपुरं अन्न यांत अनेकांचा जीव गेला. १९३० मध्ये फू रिएंगच्या मळ्यावर मजुरांनी मोठा संप केला. व्हिएतनामच्या इतिहासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो. युरोपातल्या गाड्यांखालचा मऊपणा या माणसांच्या कष्टांतून आला होता, हे एदुआरची गोष्ट सांगताना वगळता येत नाही.

घरात दुःख वेगळंच होतं. १९३१ मध्ये आंद्रे गेला. पुढच्याच वर्षी एदुआरचा मुलगा एतिएन विमान अपघातात मारला गेला. कारखान्याचा वारस म्हणून त्याच्याकडे बघितलं जात होतं. १९३४ मध्ये सिट्रोएन मोटार कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचं मोठं देणं मिशेलिनचं होतं, म्हणून ती मिशेलिनच्या ताब्यात आली. तिथे दुसरा मुलगा पिएर गेला. त्याने बुडती कंपनी सावरली, पण १९३७ च्या डिसेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला.

ज्याने आयुष्यभर गाड्यांचा प्रवास सोपा केला, त्याचा एक मुलगा रस्त्याने नेला आणि एक आकाशाने. २५ ऑगस्ट १९४० रोजी, फ्रान्स जर्मनीपुढे हरल्यानंतर दोन महिन्यांनी, क्लेरमाँजवळच्या ओर्सीनमध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी एदुआर वारला. पुढे एतिएनचा मुलगा फ्रान्स्वा याने १९५५ पासून कंपनी चालवली.

तुमच्या टायरवरचा आर

एदुआरच्या मागे त्याच्या माणसांनी सगळ्यात मोठं पाऊल टाकलं. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आधीच्या टायरमध्ये आतले धागे तिरके, एकमेकांवरून जाणारे असायचे. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचिक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग घट्ट. टायर कमी तापतो आणि जास्त टिकतो.

आता तुमच्या सेडानचा टायर बघा. २२५/५५ आर १७ असं काहीतरी लिहिलेलं असेल. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचात. आणि मधला आर म्हणजे रेडियल. त्यानंतरच्या खुणा टायर किती वजन आणि किती वेग पेलू शकतो ते सांगतात. त्या गाडीच्या पुस्तकात दिल्यापेक्षा कमी घेऊ नका. बाजूवरच चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर गोटा होण्याची वाट बघायची नाही.

आजच्या अनेक महागड्या सेडानमध्ये स्टेपनीच नसते. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाला तरी साधारण ८० किलोमीटर, तेवढ्याच वेगाने, पुढे जातो. म्हणूनच अशा गाडीला साधे टायर टाकायचे ठरवलंत, तर डिकीत स्टेपनी किंवा पंक्चरचं किट आहे ना, हे आधी बघा. नाहीतर भर रस्त्यात तुमचीही अवस्था १८८९ मधल्या त्या सायकलवाल्यासारखी होईल. आणि तुमच्या वाटेवर एदुआर मिशेलिनचा कारखाना असेलच असं नाही.