सिनेमावाला, विरोधी बाकावर

संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनवर उतरलात की आसपास दोन नावं भेटतात. एक यशवंतराव चव्हाणांचं, वायसीएम हॉस्पिटलवर. दुसरं आचार्य अत्र्यांचं, रंगमंदिरावर. आज हे दोघं शेजारी आहेत, पण १९५७ मध्ये त्यांचं अजिबात पटत नव्हतं, हे तुम्हाला माहितीये का?

प्रल्हाद केशव अत्रे, जन्म १३ ऑगस्ट १८९८, सासवडजवळचं कोडीत. आधी पुण्यात शाळामास्तर, मग विडंबनकार, मग नाटककार. ‘झेंडूची फुलं’ आणि ‘मोरूची मावशी’ तुम्ही ऐकलेलंच असतं. सिनेमात ते लेखक म्हणून शिरले. मास्टर विनायकांचा १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ त्यांचाच. पुढे स्वतःची कंपनी काढून ते निर्माते झाले.

१९५३ चा ‘श्यामची आई’ त्यांनी बनवला आणि देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी ‘महात्मा फुले’, त्याला रौप्यपदक. आता कुणीही म्हणेल, बास, गाडी रुळावर आली, सिनेमेच काढा. पण हा माणूस नेमका तेव्हाच रस्त्यावर उतरला.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, ही मागणी तेव्हा पेटली होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात समिती स्थापन झाली. एसेम जोशी, डांगे, प्रबोधनकार आणि अत्रे. एरवी एका टेबलावर न बसणारी माणसं एकत्र आली. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं.

हॉलिवूडचं उदाहरण घ्या. एमजीएमचे लुई मेयर कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाचे प्रमुख होते. १९३४ मध्ये अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदाला उभे राहिले, तेव्हा त्यांना पाडायला त्या स्टुडिओने बनावट बातमीपट दाखवले. म्हणजे पडद्याची ताकद सत्तेच्या बाजूने. अत्र्यांनी उलटं केलं. पडदा बाजूला ठेवला आणि पेपर नि माइक हातात घेतला. सभेत हशा पिकवायचा आणि त्याच दमात सरकारला झोडपायचं, हे नाटकवाल्यालाच जमतं!

१९५७ मध्ये ते दादरमधून आमदार झाले. समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरवलं. तरी गुजरात, विदर्भाच्या जोरावर द्वैभाषिकाचं सरकार टिकलं, मुख्यमंत्री यशवंतराव. त्यांच्यावर अत्र्यांची लेखणी रोज तुटून पडायची. खरं सांगायचं तर ती कधीकधी पातळीही सोडायची. आजच्या ट्रोलिंगला नावं ठेवताना हेही आठवा. फरक इतकाच, की अत्रे खाली स्वतःचं नाव घालायचे आणि दुसऱ्या दिवशी लोकांसमोर उभे राहायचे.

३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने काळे झेंडे दाखवले. अत्रे त्यात पुढे होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट.

१९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं. १९६४ मध्ये नेहरू गेले, आणि काळे झेंडे दाखवणाऱ्या याच माणसाने ‘मराठा’त त्यांच्यावर एकामागून एक लेख लिहिले. त्यांचं पुस्तक झालं, ‘सूर्यास्त’. १३ जून १९६९ ला अत्रे गेले, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व्हायच्या वर्षभर आधी.